सासनकाठी कलली त्या दिवशी

हे लिहायला बसलो की आधी लाज आडवी येते. देवाच्या कृपेचे अनुभव लोक किती समाधानानं सांगतात. माझ्या अनुभवात समाधान फार उशिरा येतं, त्याआधी नुसती शरम आहे. दोनदा लिहायला घेतलं आणि दोनदा कागद फाडला. शेवटी शालन, माझी बायको, म्हणाली, "लाजायचं तेवढं लाजून घ्या, पण लिवा. कुणाच्यातरी उपेगी पडंल." म्हणून लिहितो आहे.

आमचं गाव हातकणंगले तालुक्यातलं. चैत्रातल्या यात्रेला आमच्या गावाची सासनकाठी जोतिबाच्या डोंगरावर जाते. ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. घराच्या माडीच्याही वर जाईल एवढा उंच कळक, म्हणजे जाड बांबू, त्याला गुंडाळलेलं कापड, टोकाला निशाण आणि चारी बाजूंनी ताणून धरलेले दोर. दोर धरायला पुष्कळ गडी असतात, पण काठीचा भार अंगावर घेऊन तिला नाचवणारा माणूस एकच. कमरेला पट्टा आवळून, त्यात काठीचा बुंधा टेकवून तो हलगीच्या ठेक्यावर पुढं सरकतो. हा मान आमच्या घराकडं. आजोबांनंतर वडिलांकडं आणि वडिलांनंतर माझ्याकडं आला. आमच्या घरची एक रीतही होती. काठी घेणाऱ्यानं पहाटेपासून देवळाला सलामी होईपर्यंत पाण्याचा थेंब तोंडात घ्यायचा नाही. ही रीत कुणी घातली ते आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं, पण मला तिचा भारी तोरा होता. वाटेत दुसऱ्या गावचे गडी सरबत पिताना दिसले की मी मिशीतल्या मिशीत हसत असे.

पोटापाण्यासाठी मी शाळेत पी.टी. शिकवतो. त्यामुळं अंगातल्या ताकदीवर जरा जास्तच विश्वास होता. ती यात्रा जवळ आली त्याच्या कितीतरी आधीपासून शाळेचा जिना चढताना मला मध्येच थांबावं लागत होतं. थांबायचो आणि उगीच एखाद्या पोराला शर्ट खोचला नाही म्हणून झापायचो, म्हणजे दम खायला सवड मिळायची. भरपेट जेवून उठलो की डोळ्यांपुढं अंधारी यायची. हे मी कुणाला सांगितलं नाही. शिट्टी फुंकणाऱ्यालाच धाप लागते हे कळलं तर पोरं काय म्हणतील, एवढीच चिंता. देवाला मात्र सांगत होतो. रोज दिवा लावताना म्हणायचो, यंदाची काठी तेवढी पार पडू दे. देवाशीही मी मानापानाचंच बोलत होतो.

यात्रेच्या दिवशी ऊन नुसतं भाजून काढत होतं. डोंगरावर पाय ठेवायला जागा नव्हती. गुलाल, खोबऱ्याच्या वाट्या, हलग्या, पिपाण्या आणि सगळीकडं चांगभलंचा गजर. देवळाकडं उतरणाऱ्या पायऱ्यांच्या तोंडाशी आमची काठी आली, मी श्वास रोखून तिला वर उचलली आणि एकाएकी हलगीचा आवाज लांब गेला. कुणीतरी कानावर उशी दाबावी तसं झालं. पुढचं मला नीट आठवत नाही. दोर धरलेल्या गड्यांनी जिवाच्या आकांतानं ओढून काठी सावरली, ती जमिनीवर पडली नाही. पण कलली. टोकाचं निशाण एका दुकानाच्या ताडपत्रीत अडकून फाटलं. आमच्या भागात भरयात्रेत काठी कलणं म्हणजे केवढा अपशकुन, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

शुद्ध आली तेव्हा मी फरशीवर उताणा होतो आणि माझे दोन्ही पाय वर होते. एक म्हातारे गृहस्थ माझ्या पायांशी बसले होते. डोक्याला टॉवेल, अंगभर गुलाल, चेहरा ओळखू येऊ नये इतका माखलेला. त्यांनी माझे पाय उचलून स्वतःच्या खांद्यावर घेतले होते आणि दोन्ही हातांनी कवटाळून धरले होते. "सरका, सरका! पावण्याचं पाय तुडवशीला!" असं ते गर्दीवर ओरडत होते. गर्दीचा लोंढा अंगावर येत होता, म्हणून त्यांनी पाय उचलून घेतले होते, एवढंच. माझे पाय अनवाणी, धुळीनं भरलेले, आणि ते एका वडीलधाऱ्या माणसाच्या गालाला लागत होते. जिथं लोक पायरीला डोकं टेकायला येतात तिथं मी पाय वर करून पडलो होतो. मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी पाय ओढून घ्यायला लागलो. "सोडा वो पाय," म्हणालो. ते म्हणाले, "गप पडून ऱ्हावा." आणि पकड आणखी घट्ट केली.

तेवढ्यात नाना आला. नाना माझा थोरला चुलतभाऊ, दोर धरणाऱ्यांचा म्होरक्या, आवाज असा की शिवारात हाक मारली तर गावात ऐकू यावी. त्याच्या खिशात जिभेखाली ठेवायची हृदयाची गोळी कायम असायची, त्याला स्वतःला दिलेली. "ॲटॅक हाय ह्यो! उठवून बसवा त्येला! आ कर मास्तर!" म्हणत तो माझ्यावर वाकला. मला उठवायचं तर पाय खाली घ्यायला हवे होते, आणि ते गृहस्थ पाय सोडायला तयार नव्हते. ओढाओढीत त्यांचं कोपर नानाच्या हाताला लागलं आणि गोळी गुलालात पडली. इवलीशी गोळी, ती कुठली सापडणार? नानाचं डोकं फिरलं. त्यानं त्या माणसाला आईवरून शिवी हासडली. "आंधळा हैस काय रं? माझा भाऊ मराय लागलाय!" असं म्हणून त्यांच्या छातीवर धक्का दिला. ते हलले, पण पाय सोडले नाहीत. मी सगळं बघत होतो. डोळ्यांपुढचा अंधार हळूहळू विरत होता, तरी माझ्याही मनात नानाचीच शिवी होती. मला वाटत होतं, ह्या माणसानं माझी गोळी घालवली, आता मी मरणार.

स्वयंसेवक स्ट्रेचर घेऊन आले तेव्हा त्या गृहस्थांनी माझे पाय अलगद खाली ठेवले. ज्या हातांनी पाय धरले होते ते हात कपाळाला लावले, देवाच्या पायाला हात लावून आपण लावतो तसे. मग ते गर्दीत शिरले. मी आभार मानले नाहीत, नाव विचारलं नाही, साधं पाणी घेता का असंही म्हणालो नाही. उपचाराच्या मांडवात सलाईन लावलं, अंगात जरा जीव आला आणि मी तोंडावर उपरणं ओढून पडून राहिलो. रडत होतो ते दुखण्यासाठी नाही. बाहेर आमच्याच गावची माणसं बोलत होती, "मास्तरच्या हातनं कायतरी वंगाळ घडलं असणार. उगंच कलती व्हय काठी?"

सगळी सुट्टी मी घरात काढली. डेअरीला दूध घालायलासुद्धा बाहेर पडत नव्हतो. डॉक्टरांकडं जायचं नाही असं ठरवून टाकलं होतं, कारण देवानं शिक्षा दिली आहे तर तिथं औषध कसलं? शालननं आठवडाभर वाद घातला आणि मग एका सकाळी माझी पायताणं उंबऱ्यापुढं आणून ठेवली. नानाला गाडी घेऊन उभं केलं होतं. कोल्हापुरातल्या हृदयरोगाच्या डॉक्टरबाई माझ्या शाळेतल्या जुन्या विद्यार्थिनीच्या वयाच्या. त्यांनी छातीला नळी लावून मला उकिडवं बसायला आणि परत उभं राहायला सांगितलं. जन्मभर पोरांकडून बैठका काढून घेतल्या आणि आता एक पोरगी माझ्याकडून काढून घेत होती. उभं राहिलो की आतला आवाज वाढतो, बसलो की कमी होतो, असं त्या म्हणाल्या. मग एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाला. हृदयातली मधली भिंत जाड झाली होती. तिथल्या स्नायूचीच वाढ झाली होती.

नानाला एकदम हुरूप आला. "स्नायू जाड हाय? मग वंगाळ काय त्यात? तालमीतला गडी हाय त्यो. खुराक लागलाय म्हणायचं!" खरं सांगतो, क्षणभर माझीही छाती फुगली. डॉक्टरबाई हसल्या नाहीत. ही वाढ व्यायामाची नाही, जन्मानं आलेली आहे, असं त्यांनी सांगितलं. रबरी पाइपाचं तोंड अंगठ्यानं दाबावं तशी ती भिंत रक्त बाहेर पडायच्या वाटेत येते. अंगात पाणी कमी असलं, उन्हात भार उचलला, श्वास रोखून जोर केला की ती वाट आणखी आवळते. म्हणजे आमच्या घरची मानाची रीत माझ्या आजाराला अगदी हवी तशी होती. यात्रेत काय काय झालं ते त्यांनी नीट विचारून घेतलं. मग म्हणाल्या, पाय वर धरले म्हणून रक्त हृदयाकडं परत आलं. उठवून बसवलं असतं तर अवघड होतं. आणि ती जिभेखालची गोळी दुसऱ्या आजारात तारते, पण तुमच्यासारख्याच्या, तेही पाण्यावाचून सुकलेल्या अंगात, ती घातक ठरू शकली असती.

बाहेर बाकावर नानाचा आवाज एकदम खाली आला. त्याचा आवाज खाली आला की घरातल्यांना काळजी वाटते. म्हणाला, "मास्तर, त्यो जोतिबाच हुता." मी म्हणालो, "तसं म्हणू नगंस, नाना. मग तू द्येवाला आईवरनं शिवी दिलीस असं हुतंय." त्यानं दवाखान्याच्या व्हरांड्यात, सगळ्यांसमोर, स्वतःचे दोन्ही कान धरले. ते कोण होते हे मला माहीत नाही आणि मी काही सिद्ध करायला निघालेलो नाही. देव म्हटलं तर माझे पाय देवाच्या खांद्यावर होते, माणूस म्हटलं तर एका भल्या माणसाला आम्ही धक्के मारले. दोन्हीकडून मान खालीच जाते.

ठोके मंद करणाऱ्या गोळ्या सुरू झाल्या. हृदय सावकाश चाललं की त्याला भरायला वेळ मिळतो, वाट जरा मोकळी राहते. पाणी भरपूर प्यायचं, भार उचलायचा नाही, दमछाक करायची नाही. काही महिने गेले, पण जिना तसाच छातीवर येत राहिला. मग डॉक्टरबाईंनी पुढचे मार्ग समोर ठेवले. स्नायूचा जोर कमी करणारी एक नवी गोळी आहे, पण ती घेताना सारखा एको करावा लागतो, आणि माझ्या झडपेतही दोष असल्यानं तिच्यावर भिस्त ठेवणं त्यांना बरं वाटत नव्हतं. दुसरा मार्ग म्हणजे मांडीतून तार घालून, भिंतीला रक्त देणाऱ्या बारीक नसेत अल्कोहोल सोडायचं, म्हणजे तेवढा स्नायू वाळतो. त्यावर नाना दचकून म्हणाला, "माळकरी मानसाच्या काळजात दारू?" डॉक्टरबाईंना पहिल्यांदा हसू आलं. पण तपासणीत माझी ती नस सोयीच्या जागी नाही असं निघालं. राहिली ती छाती उघडून जादा स्नायू कापून काढायची शस्त्रक्रिया, ती पुण्याला. काही जणांना ठोके बिघडले की झटका देऊन सावरणारं यंत्र छातीत बसवावं लागतं, मला तूर्त त्याची गरज नव्हती. निर्णय त्यांनी माझ्यावर सोडला आणि मी "बघू" म्हणून उठलो.

खरी शरमेची गोष्ट पुढंच आहे. पहिल्याच दिवशी डॉक्टरबाईंनी बजावलं होतं की हा आजार घराण्यातून येतो, सख्खी भावंडं आणि मुलं तपासून घ्या. मुलीची तपासणी मी लगेच करून घेतली. ती चांगली निघाली, अधूनमधून करत राहा म्हणाल्या. पण माझा सख्खा धाकटा भाऊ संभा, त्याला मी सांगितलं नाही. माझ्यानंतर काठी त्याच्याकडं जाणार होती. लहानपणापासून त्यानं माझ्यामागं दोर धरला, त्याला कधी बुंधा मिळाला नाही. आता सांगायला गेलो तर लोक म्हणतील, ह्याला झेपंना म्हणून भावालाही पुढं होऊ देत नाही. आणि दोघंही बाद ठरलो तर घराचा मानच गेला. शालनला आणि नानालाही मी सांगितलं की संभाशी बोललोय. रोज दिवा लावत होतो, देवाचं नाव घेत होतो आणि भावापासून हे लपवत होतो.

ऊस तुटल्यावर मोकळ्या रानात संभानं काठी नाचवायचा सराव सुरू केला. एका सकाळी नारळ घेऊन तो घरी आला आणि माझ्या पायांवर वाकला. म्हणाला, "दादा, आशीर्वाद दे. पाण्याची रीत मी मोडत न्हाय बघ. तुझ्यावर आलेला डाग धुऊन काढतो." मी पाय मागं घेतले. मला ते सहनच झालं नाही. उभ्याउभ्या सगळं सांगून टाकलं, महिनोन्महिने दडवलं होतं तेही. त्याचा चेहरा उतरला, मग लाल झाला. "तुला जमंना म्हणून माझाबी मान काढून घेतोस व्हय?" म्हणाला आणि नारळ तिथंच टाकून गेला. मी ज्या बोलण्याला भीत होतो ते परक्यानं नाही, भावानंच ऐकवलं. माझ्या गप्प राहण्यानंच ते त्याच्या तोंडी घातलं होतं. शालन आतून ऐकत होती. ती बाहेर आली, टाकलेला नारळ उचलून देवापुढं ठेवला, आणि त्यानं मी जास्त मेलो.

संभा तपासणीला जाईना. मी निरोप पाठवले, दारात जाऊन उभा राहिलो, त्यानं दार लावून घेतलं. तेव्हा एका रविवारी मी एकटाच एसटीनं डोंगरावर गेलो. रांगेत दोनदा बसावं लागलं. देवापुढं उभा राहिलो. एवढी वर्षं जे मागत आलो ते आठवून तोंड उघडवेना. शेवटी एवढंच म्हणालो, "माझं काय करायचं ते कर. काठी कुणाला द्यायची त्याला दे. संभाला तेवढं दवाखान्यात घाल." अंगारा घेतला आणि परत फिरलो. काही झाल्यासारखं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी नानाचा फोन आला. तो संभाच्या दारात जाऊन सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला होता, "आदल्या साली मी एकाला शिवी दिली, ती जन्मभर डोक्यावर हाय. आता तुझ्या मढ्यावर रडत बसू का? बस गाडीवर!" आणि त्याला उचलूनच नेलं होतं. मी नानाला जा म्हणून सांगितलं नव्हतं. देवाला सांगितलं होतं. ह्यापलीकडं मला काही म्हणायचं नाही. संभाची भिंत माझ्यापेक्षा जाड निघाली. त्याला कधी धाप नाही, अंधारी नाही, काहीच नाही. पण दिवसभर अंगाला लावलेल्या, ठोके नोंदवणाऱ्या यंत्रावर धोक्याची गडबड दिसली. तो काठी उचलायचा सराव करतो, पाणी न पिता, हे ऐकल्यावर डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. त्याला गोळ्या सुरू झाल्या आणि छातीत यंत्र बसवलं.

त्याला यंत्र बसवून घरी आणलं त्या दिवशी मी पुण्याला जायला होकार दिला. तोवर मी का टाळत होतो, तेही सांगतो. मरणाला कमी भ्यालो. जास्त भ्यालो ते दुसऱ्यांनी मला उचलावं, पुसावं, कूस बदलून द्यावी ह्याला. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी एक माणूस माझ्या छातीवरचे केस काढायला आला. मी अंग चोरत होतो. तो थांबला, आणि मी अंग सैल सोडल्यावर परत कामाला लागला. मला वाटतं शरण जाणं म्हणतात ते एवढंच असावं. आपण मोठ्या तोंडानं त्याच्यावर प्रवचनं ऐकतो, आणि ते असतं अंग सैल सोडण्याइतकं साधं आणि तितकंच जड. पुढं पंधरवडाभर शालननं मला लेकरासारखं धुतलं, जेवू घातलं. मी लाजलो, पण आता नको म्हणालो नाही.

यंदा काठीचा मान गावानं दुसऱ्या घरातल्या मुलाला दिला. नाना दोराबरोबर पाण्याची बाटलीही धरून होता आणि दर चढावर ती मुलाच्या तोंडाला लावत होता असं ऐकलं. आम्हा दोघा भावांना गर्दीत जायची मनाई, म्हणून आम्ही घराच्या पुढच्या सोप्यात बसून फोनवर यात्रा पाहत होतो. माझ्या छातीचं हाड अजून ओढत होतं, संभाचा डावा हात अजून नीट वर जात नव्हता. काठी देवळापुढं झुकून सलामी देऊन सरळ झाली तसा संभा "चांगभलं!" म्हणून ओरडला आणि रडायला लागला. मान गेला म्हणून रडत असेल, मी विचारलं नाही. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. हाताखाली त्याचा श्वास वरखाली होत होता. इतकी वर्षं मी त्या डोंगरावर जाऊन मान मागितला. भाऊही मागायचा असतो, हे त्या एका रविवारपर्यंत मला सुचलंच नव्हतं. तो मात्र देवानं ठेवला.